मानवी हक्कांची घोषणा आणि त्यांचे संरक्षण : चवदार तळ्यापासून अमडापूरपर्यंत

१० डिसेंबर हा दिवस जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. १९४८ साली याच दिवशी पॅरिस येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ राष्ट्रे तटस्थ राहिली, विरोधी मत एकही पडले नाही. या जाहीरनाम्यात ३० कलमे आहेत. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांच्या दृष्टीने समान आहेत, हे त्याचे पायाभूत तत्त्व होय. मसुद्यातील 'सर्व पुरुष' अशा अर्थाची शब्दयोजना बदलून 'सर्व माणसे' असा व्यापक उल्लेख व्हावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला होता, ही गोष्टही येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

या दिवशी होणाऱ्या व्याख्यानांतून मानवी हक्कांची कल्पना पश्चिमेकडून आपल्याकडे आली, असे बहुधा सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. पॅरिसच्या जाहीरनाम्यापूर्वी २१ वर्षे महाराष्ट्राच्या भूमीवर माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा एक जाहीरनामा घोषित झाला होता. तो घोषित करणारे लोक ज्या तळ्याच्या पाण्यासाठी जमले होते, त्या तळ्याच्या इतिहासाने एक मोठा प्रश्न पुढे आणला : हक्क जाहीर झाल्यानंतर तो राखायचा कोणी आणि कसा? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत. महाडपासून निघून बुलडाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात असलेल्या अमडापूरसारख्या गावापर्यंत हे संरक्षण कोणत्या मार्गाने पोहोचले, हे पाहिल्यावाचून त्याचे स्वरूप नीट ध्यानात येत नाही.

१. ठराव आणि पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने तशी आज्ञा काढली. कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क पूर्ण झाला. तीन वर्षे गेली तरी कोणाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी भरता आले नव्हते. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला. आधीच्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यात होती. म्हणजे केवळ घोषणा पुरेशी नाही, हे अवघ्या तीन वर्षांत दिसून आले होते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये तर नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच रद्द केला. ज्या संस्थेने हक्क दिला तिनेच तो काढून घेतला. बहुमताच्या कृपेवर उभा असलेला हक्क बहुमताच्या इच्छेने नाहीसा होतो, हा महाडचा पहिला धडा होय.

२. महाडचा जाहीरनामा आणि महाडचा खटला

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद बोलाविली गेली. मनुस्मृतीच्या दहनासाठी ही परिषद सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु २५ डिसेंबरच्या त्या अधिवेशनात जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. सर्व माणसे जन्माने समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत त्याच दर्जाची राहतात, हे त्याचे सूत्र होते. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी या परिषदेची तुलना केली होती. पाण्याचा एक घोट हा या चळवळीचा हेतू नसून समतेची प्रस्थापना हा तिचा हेतू आहे, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले.

परंतु परिषद भरण्यापूर्वीच प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. तळे स्पृश्यांच्या वहिवाटीचे असून अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि कालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम निघाला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने बाबासाहेबांनी तळ्यावरील सत्याग्रह स्थगित केला. पुढे १९२८ मध्ये मनाई उठली, १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला आणि १९३३ मध्ये ठाणे येथील अपिलातही तो कायम राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळ्यावर पाणी प्याल्याला दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.

या निकालाचे स्वरूप काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. माणसाला माणूस म्हणून पाणी भरण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. वादी ज्या अनादि रूढीचा आधार घेत होते ती त्यांना सिद्ध करता आली नाही, एवढेच न्यायालयाने ठरविले. उद्या दुसऱ्या एखाद्या गावी तशी रूढी पुराव्याने सिद्ध झाली असती तर? त्या काळच्या कायद्यात या प्रश्नाला उत्तर नव्हते. न्यायालय उपलब्ध असणे आणि न्यायालयासमोर मांडता येईल असा मूलभूत हक्क उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा महाडचा दुसरा धडा होय.

३. वऱ्हाडची निराळी वाट

महाडचा हा इतिहास सांगताना आपल्या भागातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. बोले यांचा ठराव मुंबई इलाख्याचा होता. चिखली-खामगाव मार्गावरील घाटावरचे अमडापूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. बल्लाळदेवीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले हे गाव वऱ्हाडात मोडत होते. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०२ च्या करारान्वये ते कायम पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये कारभारापुरते मध्य प्रांताला जोडले गेले. नाममात्र सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले. परिणामी वऱ्हाडातील माणूस कायद्याच्या परिभाषेत निजामाची प्रजा होता, व्यवहारात इंग्रज अधिकाऱ्यांच्या अमलाखाली होता आणि गावात रूढीच्या अमलाखाली होता. अशा माणसाने आपला हक्क कोणाकडे मागावा?

वऱ्हाडातील लोक स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावती येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारखे सवर्ण समाजातील पुढारी या प्रश्नात अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले. महाडच्या पहिल्या आणि दुसऱ्या परिषदेच्या दरम्यान वऱ्हाडात हे घडत होते. तथापि कायद्याचा आधार येथे पोहोचण्यास वीस वर्षे लागली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४७ मध्ये दोन कायदे केले : एक अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा आणि दुसरा मंदिरप्रवेशासंबंधीचा. संसदेने १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हे कायदा केला तेव्हा देशभरातील अशा प्रांतिक कायद्यांबरोबर हे दोन्ही कायदे रद्द झाले आणि १ जून १९५५ पासून सर्व देशात एकच कायदा लागू झाला. महाड आणि अमडापूर यांना या विषयात एकच संरक्षण मिळू लागले ते त्या दिवसापासून होय.

४. बहिष्कार : अदृश्य शस्त्र

हक्क बजावणाऱ्या माणसावर कायदा मोडणारा हल्ला झाला तर निदान तो दिसतो. पण शेतावर काम न देणे, दुकानातून जिन्नस न देणे, दळण नाकारणे, वाट बंद करणे, यांत वरवर पाहता कायद्याचा भंग कोठे आहे? मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने सामाजिक बहिष्काराची दखल घेतली आणि उघड हिंसेपेक्षाही हे शस्त्र अधिक परिणामकारक असल्याचा अभिप्राय दिला, कारण ते कायदेशीर वागणुकीच्या रूपाने वावरते. भूमिहीन माणसाला तर ते काही दिवसांतच शरण आणते.

म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी संरक्षणाची जी योजना ठेवली, तीत समान हक्क मागून ते थांबले नाहीत. त्या हक्कांचा निर्वेध उपभोग घेता यावा, अशी स्वतंत्र मागणी त्यांनी केली आणि ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, असे सुचविले. हक्क आणि हक्काचा निर्वेध उपभोग यांतील हा भेद आमच्या मते मानवी हक्कांच्या विचारातील त्यांचे एक मोलाचे योगदान आहे.

या मागणीचे पुढे काय झाले? १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने होणाऱ्या बहिष्काराला शासन ठेवले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला होता, परंतु १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरविला. जातपंचायतींच्या बहिष्काराला सर्वसाधारणपणे गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गोलमेज परिषदेपासून या कायद्यापर्यंतचे अंतर ८६ वर्षांचे आहे.

५. संविधानाने दिलेला उपाय

पॅरिस येथे जाहीरनाम्याच्या मसुद्यावर चर्चा होत असतानाच दिल्लीत संविधान सभा मूलभूत हक्कांची कलमे संमत करीत होती. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, जे आज १७ वे कलम आहे, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत झाले. हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा अधिकार देणारे कलम, आजचे ३२ वे, ९ डिसेंबर १९४८ रोजी चर्चेस आले. संविधानातील सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते असे विचारल्यास आपण याच कलमाकडे बोट दाखवू, हे संविधानाचे हृदय आणि आत्मा आहे, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी त्या दिवशी काढले. दुसऱ्याच दिवशी पॅरिसचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या ८ व्या कलमातही परिणामकारक दाद मिळण्याचा उल्लेख आहे, पण तो जाहीरनामा स्वतः कोणत्याही राष्ट्रावर कायद्याने बंधनकारक नव्हता. त्याला कराराचे रूप देणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय सनदा १९६६ मध्ये तयार झाल्या, १९७६ मध्ये अमलात आल्या आणि भारताने त्या १९७९ मध्ये स्वीकारल्या.

नगरपालिकेचा ठराव रद्द होताना आणि खटल्यात दहा वर्षे जाताना ज्याने पाहिले, त्याला हक्कांच्या यादीपेक्षा उपायाचे कलम अधिक महत्त्वाचे वाटावे, यात नवल नाही. ९ डिसेंबरच्या त्या भाषणामागे महाडचा अनुभव उभा आहे, असे आम्ही मानतो.

त्यानंतर संरक्षणाची साधने वाढत गेली. १९५५ च्या कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ मध्ये होऊन ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. १९५६ मध्ये नागपूर येथे धम्मदीक्षा घेतलेल्यांना केंद्रीय पातळीवर अनुसूचित जातींचा दर्जा १९९० पर्यंत नव्हता. तो त्या वर्षीच्या दुरुस्तीने मिळाला आणि मगच या कायद्याचे कवच त्यांना लाभले. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्र राज्याचा आयोग २००१ पासून काम पाहू लागला.

आणि तरीही पाणी सुटत नाही. कर्नाटकातील एका गावी कूपनलिकेचे पाणी घेण्यास बंदुकीचा धाक दाखवून मज्जाव केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दोषी ठरविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या प्रकरणात शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असाच निष्कर्ष न्यायालयांनी काढला. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच दिवशी, महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील अटकेवर बंधने घातली. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून ती दूर केली आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मिळालेले संरक्षण पुन्हा पुन्हा राखावे लागते, असाच याचा अर्थ आहे.

६. पालि साहित्याची साक्ष

या ठिकाणी पालि साहित्याचा विचार करताना आम्ही एक पथ्य पाळू इच्छितो. आधुनिक अर्थाने 'हक्क' या शब्दाला नेमका पर्याय पालि भाषेत नाही. त्रिपिटकात पॅरिसचा जाहीरनामा शोधणे हे अभ्यासाला शोभणारे नाही. इतकेच नव्हे, तर दास, ऋणको आणि राजसैनिक यांना प्रव्रज्या देऊ नये असे नियम विनयपिटकात आढळतात. मालक, सावकार आणि राजा यांच्या तत्कालीन दाव्यांपुढे संघालाही मर्यादा पडल्या होत्या, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये.

परंतु हक्कांच्या संरक्षणाला आवश्यक असलेली भूमिका या साहित्यात निःसंशय आहे. वासेट्ठ सुत्तात वनस्पती, कीटक, पशुपक्षी यांच्यात जातिभेदाची नैसर्गिक लक्षणे आहेत, मनुष्यांत मात्र ती नाहीत, असा युक्तिवाद येतो. मज्झिमनिकायातील माधुर सुत्तात महाकच्चान मथुरेच्या राजाला विचारतात की, चोरी करणारा क्षत्रिय असो वा शूद्र, तू त्याला काय करशील? सर्वांना सारखेच शासन करीन, असे राजाला मान्य करावे लागते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात धन्याने सेवकाला शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी असे सांगितले आहे. धन्याचे जे कर्तव्य तेच सेवकाचे येणे होय. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तर राज्यकर्त्याचे काम 'रक्खावरणगुत्ति' म्हणजे रक्षण, आवरण आणि पहारा या शब्दांत सांगितले आहे. हे रक्षण नगरवासी व ग्रामवासी, श्रमण व ब्राह्मण, इतकेच काय पशुपक्षी यांनाही द्यावयाचे आहे. निर्धनांना धन देण्याचे राजाने सोडले तेव्हा दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, शस्त्र आणि हत्या वाढत गेल्या, अशी कारणपरंपराही तेथे येते. पोटाला नसलेल्या माणसाचे बाकीचे हक्क टिकत नाहीत, हे जाणणारा हा विचार आहे.

७. कायदा आणि मैत्री

पुणे येथे १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी हक्कांचे खरे रक्षण कायद्याने नव्हे, तर समाजाच्या सामाजिक व नैतिक सद्सद्विवेकाने होते, असा विचार मांडला. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतल्याचे सांगून, कायदा हा स्वातंत्र्य व समता यांच्या भंगाविरुद्ध केवळ एक आधार आहे, त्यांची खरी हमी बंधुता हीच आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ३२ व्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हणणारा माणूसच कायद्याला अंतिम हमी मानीत नाही, हे वरवर विसंगत वाटेल. आमच्या मते यात विसंगती नाही. उपायाविना बंधुता ही दुबळ्याला दिलेली कोरडी सांत्वना ठरते आणि बंधुतेविना उपाय चालविण्यास साक्षीदार मिळत नाही.

साक्षीदाराचा हा मुद्दा अमडापूरसारख्या गावात अत्यंत महत्त्वाचा आहे. येथे पीडित, आरोपी, साक्षीदार आणि मजुरी देणारा शेतकरी हे सर्व एकमेकांना रोज भेटतात. वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर 'कायदा आहे, पण बोलायचे कोणी?' असा प्रश्न विचारला जातो, त्यामागे हीच वस्तुस्थिती असते. कायद्याने दिलेली साधने लोकांना माहीत असणे हे या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा लोकसेवक त्याच कायद्याच्या ४ थ्या कलमान्वये स्वतः शिक्षेस पात्र ठरू शकतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळते. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. आयोग शिक्षा देत नाही, शासनाला शिफारस करतो, हेही लक्षात असू द्यावे.

उरलेले निम्मे उत्तर कोणत्याही अधिनियमात सापडणार नाही. तक्रार करणाऱ्याला एकटे न सोडणे, त्याच्यावर बहिष्कार पडल्यास त्याच्या घरी धान्य व हाताला काम पोहोचविणे, जे डोळ्यांनी पाहिले ते न्यायालयात सांगणे, आणि हे सर्व आपल्या जातीच्या माणसापुरते न ठेवता गावातील भटक्या कुटुंबासाठी, परित्यक्ता स्त्रीसाठी, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कोणाहीसाठी करणे, हे ते उत्तर होय. मैत्री ही भावना ध्यानाच्या आसनावर जोपासली जाते हे खरे, परंतु तिची परीक्षा साक्षीच्या पिंजऱ्यात होते. वर्षावासात धम्मग्रंथाच्या वाचनाबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ या कायद्यांच्या वाचनाला द्यावी आणि त्या वेळी गावातील इतर समाजांच्या बंधुभगिनींनाही आवर्जून बोलवावे, अशी आमची सर्व विहारांच्या कार्यकर्त्यांना नम्र सूचना आहे.